कडुबा गुरुजींचं हिवाळी पेट्रोल

कडुबा गुरुजींना मी समोरून जितकं पाहिलं, त्याच्या चौपट पाठीमागून पाहिलं. चार हिवाळे मी त्यांच्या मोटारसायकलवर मागे बसून शाळेला गेलो. पडेगावहून निघायचं, दौलताबाद, वेरूळ, कसाबखेडा करत देवगाव रंगारी गाठायचं आणि तिथून आत चार किलोमीटरवर आमची वस्तीवरची शाळा. जाऊन-येऊन शंभराच्या वर किलोमीटर. अशा नोकरीला आमच्याकडे अपडाऊन म्हणतात, आणि मास्तर जावई बघायला आलेले लोक पगाराच्या आधी अपडाऊनची चौकशी करतात. त्यामुळे गुरुजींचा चेहरा आठवायला गेलं की मला आधी त्यांची मान आठवते. करड्या मफलरचे दोन वेढे, त्यांच्यावर आलेले पांढरे केस आणि इंजिनाचा आवाज ऐकण्यासाठी डावीकडे कललेलं डोकं. चार वर्षांत ती मान सरळ झालेली मी पाहिली नाही.

शाळेत आम्ही दोघेच शिक्षक. ते पन्नाशी ओलांडलेले, मी नवा. शनिवारी सकाळची शाळा असायची. पहिल्याच शनिवारी त्यांनी मला सव्वापाचला घरी बोलावलं. एवढ्या लवकर कशाला, असं मनात म्हणत मी पोचलो, तर गुरुजी अंगणात उकिडवे बसलेले, तोंडात लहानशी टॉर्च धरलेली आणि हातात कॉफीची रिकामी काचेची बाटली. कार्बोरेटरच्या पोटाखालचा स्क्रू सैल करून त्यांनी थोडं पेट्रोल त्या बाटलीत उतरवलं. मग बाटली टॉर्चसमोर धरली, तिरकी केली, सरळ केली, पुन्हा तिरकी केली. मला वाटलं, आता वास घेतील. त्यांनी वासही घेतला.

“पाण्याचा भरवसा नाय, सर,” ते म्हणाले. “एक थेंब खाली बसला तरी घाटात दगा देतंय.”

गुरुजी माझ्याशी बोललेलं हे पहिलं महत्त्वाचं वाक्य. शेवटच्या हिवाळ्यापर्यंत ते मी रोज ऐकलं.

हळूहळू मला त्यांचं सगळं शास्त्र कळलं. दिवाळी झाली की त्यांचं पेट्रोलचं वर्ष सुरू व्हायचं. टाकी कधीही अर्ध्याखाली जाऊ द्यायची नाही, कारण रिकाम्या टाकीला आतून घाम येतो आणि तो घाम तळाशी जमतो. संध्याकाळी घरी परतताना टाकी तोंडापर्यंत भरायची. आठवड्यातून एकदा टाकीच्या तोंडातून नळी घालून तळातलं दोन-तीन लिटर पेट्रोल काढून गाडी पुसायच्या पिवळ्या मऊ कातड्यातून गाळायचं. कातडं पेट्रोल सोडतं आणि पाणी धरून ठेवतं, म्हणे. हल्ली पेट्रोलात इथेनॉल मिसळतात, ते पाणी ओढून घेतं, आणि कडाक्याची थंडी पडली की दोन्ही मिळून पेट्रोलापासून वेगळे होतात. याला गुरुजींचा शब्द होता ‘फाटणं’. रात्री चांगलं असलेलं पेट्रोल सकाळी फाटलं, असं ते दुधाबद्दल बोलावं तसं बोलायचे. काकू, म्हणजे त्यांच्या मंडळी, या सगळ्याला ‘यांची संध्याकाळची पूजा’ म्हणत. पूजा चालू असताना त्या गॅस पेटवत नसत आणि मागचं दार लावून घेत. चहा हवा असेल तर आधी पूजा उरकायला लागायची.

हे सगळं मला सुरुवातीला गमतीचं वाटायचं. मग त्यातली काळजी मलाही चिकटली. मागे बसल्या बसल्या मीही इंजिनाचा आवाज ऐकू लागलो. वेरूळच्या घाटात धुकं असायचं, बोटं बधिर झालेली असायची, आणि इंजिनानं जरा सूर बदलला की आम्हा दोघांची पाठ एकदम ताठ व्हायची. त्या क्षणी गुरुजींचा डावा हात हँडल सोडून टाकीखाली जायचा, काहीतरी चाचपायचा आणि परत यायचा. काय चाचपतात ते मी एकदा उजेडात वाकून पाहिलं. पेट्रोलचा कॉक, टाकीतून इंजिनाकडे जाणारं पेट्रोल चालू-बंद करायची छोटी तोटी. तो चालू बाजूला फिरवून तांब्याच्या तारेनं घट्ट बांधून टाकलेला होता. तारेला चार-पाच पीळ दिलेले.

मला ते विचित्र वाटलं. जुन्या गाडीचा कॉक रात्री बंद करायचा असतो, हे मला माझ्या वडिलांच्या गाडीपासून ठाऊक होतं. पडेगावातला सलीमभाई मेकॅनिक तर दर सर्व्हिसिंगला गुरुजींशी वाद घालायचा. कॉक कायम उघडा असल्यानं कार्बोरेटर पाझरायचा आणि गाडीखाली ओला डाग पडायचा. “सब करते तुम गुरुजी,” सलीमभाई मला ऐकू जाईल असं म्हणायचा, “बस एक कॉक बंद करने को नक्को बोलते.” गुरुजी त्यावर नुसतं हसायचे आणि निघायची घाई करायचे. सकाळी बाटलीत थेंब शोधणारा माणूस गाडीखाली पडणाऱ्या थेंबांकडे बघतही नाही, याचा अर्थ मला लागत नव्हता.

दुसरी न लागणारी गोष्ट म्हणजे त्यांचा पेट्रोलपंप. ते देवगावच्या अलीकडच्या एका लहानशा पंपावरच पेट्रोल भरायचे, दुसरीकडे कुठंही नाही. आणि त्या पंपाबद्दल वस्तीवर प्रत्येक जण नाक मुरडायचा. तिथल्या पेट्रोलात पाणी असतं, असं पोरंसोरंसुद्धा सांगायची. मी गुरुजींना एकदा विचारलं, की पाण्याची एवढी धास्ती आहे तर याच पंपावर का येता. ते म्हणाले, त्याचं पेट्रोल चांगलं आहे. मग गाळता कशाला, असं विचारायची माझी छाती झाली नाही. आमच्या केंद्रप्रमुखांच्या मुलीच्या लग्नाला जाताना तिथं नेमका टँकर खाली होत होता. टँकर उतरताना तळातला गाळ ढवळतो, म्हणून तासभर थांबायचं. वाटेत दुसरे तीन पंप होते. गुरुजी मात्र दगडावर बसून राहिले. आम्ही मांडवात पोचलो तेव्हा आचारी भांडी घासत होते, आणि केंद्रप्रमुखांनी पुढे महिनाभर आमच्या रजेच्या अर्जांवर त्या चुकलेल्या पंगतीचा राग काढला.

कारण कळलं ते वर्गात, माझ्या चौथ्या हिवाळ्यात. त्या वर्षी पाचवीत वैजू नावाची मुलगी होती. मेंढपाळाच्या घरची. आई-बाप दिवाळीनंतर मेंढरं घेऊन गोदावरीच्या अंगाला उतरायचे ते उन्हाळ्यात परतायचे. वैजू चुलत्याकडे राहून शिकायची. चुणचुणीत पोर. गुरुजींनी तिला निवासी शाळेच्या प्रवेश परीक्षेला बसवलं होतं. ती परीक्षा पाचवीतच देता येते आणि आयुष्यात एकदाच. निवड झाली की सहावीपासून बारावीपर्यंतची राहण्या-जेवण्यासकट सोय. ज्या घरातल्या मुलींना सहा महिने आई-बापाचं तोंड दिसत नाही, त्या घराला ही परीक्षा म्हणजे काय असते ते वेगळं सांगायला नको.

गुरुजी पाचवीला मिश्रणं शिकवत होते. परीक्षानळीत पेट्रोल घेतलं, खुणेपर्यंत पाणी टाकलं, बोटानं तोंड दाबून हलवलं आणि ठेवून दिलं. थोड्या वेळानं पाण्याची रेघ आधीपेक्षा वर चढलेली दिसली. पेट्रोलातलं इथेनॉल पाण्यात उतरलं होतं. पोरं माना वर करून बघत होती. वैजूनं हात वर केला.

“गुरुजी, माझ्या ताईच्या येळंला असंच झालतं ना?”

गुरुजींनी ‘हं’ केलं आणि परीक्षानळी धुवायला बाहेर गेले. एक नळी धुवायला माणसाला किती वेळ लागावा? तास संपला तरी ते नळावरच होते.

मग वस्तीवरच्या लोकांकडून मला गोष्ट कळली. वैजूची थोरली बहीण हिरा. नऊ वर्षांपूर्वी तिनंही हीच परीक्षा द्यायची होती. तिचे आई-बाप असेच मेंढरांमागं गेलेले. गुरुजींनी तिला आपल्या मोटारसायकलवर बसवून कन्नडच्या केंद्रावर न्यायचं ठरलं. जानेवारीतली थंडी. गाडी वाटेत बंद पडली, पाऊण तास सुरू झाली नाही. त्या रस्त्याला तेव्हा तासातासाला एखादी जीप यायची. केंद्रावर पोचले तेव्हा फाटक बंद झालेलं होतं. पेट्रोलात पाणी निघालं, असं गुरुजींनी तिच्या बापाला सांगितलं. बापानं ते वस्तीला सांगितलं आणि वस्तीनं पंचक्रोशीला. तो पंप बदनाम झाला तो आजतागायत.

आता मला बाटलीचा अर्थ कळला, असं मला वाटलं. त्या दिवशी घाटात मी गुरुजींच्या पाठीकडे जरा वेगळ्या नजरेनं पाहिलं. एका चुकलेल्या परीक्षेसाठी हा माणूस नऊ वर्षं पेट्रोल गाळतो आहे, या विचारानं मला भरून आलं होतं. पंपाचं कोडं मात्र सुटत नव्हतं.

परीक्षेला महिना उरला तसा गुरुजींचा जीव थाऱ्यावर राहिना. डिकीत दोन जादा प्लग, चोकची वायर, पक्कड, लिटरभर गाळलेलं पेट्रोल. वैजूचं प्रवेशपत्र त्यांनी प्लॅस्टिकच्या तीन पिशव्यांत एकात एक घातलं, आणि ते आहे ना हे पाहायला तिन्ही पिशव्या रोज उघडायचे. जीप ठरवू, असं मी सुचवलं. जीपवाला भरल्याशिवाय निघत नाही, म्हणाले, आणि वस्तीपर्यंत जीप येतच नाही. नुकतीच मी नवी गाडी घेतली होती. शेवटी असं ठरलं, की मी माझ्या गाडीवर मागोमाग यायचं. त्यांची बंद पडली तर वैजूला माझ्या मागं बसवायचं आणि त्यांच्याकडे न बघता निघून जायचं. हे ‘न बघता’ त्यांनी माझ्याकडून दोनदा कबूल करून घेतलं.

आदल्या दिवशी आम्ही शाळेतच मुक्कामाला राहिलो. हिराही आली होती. ती आता शहरात, मुकुंदवाडीत राहते, नवरा कंपनीत, ती शिवणकाम करते. बहिणीला परीक्षेला सोडायला म्हणून मुद्दाम सुट्टी घेऊन आली होती. वीस वर्षांची, उंच, कमी बोलणारी. गुरुजींच्या पाया पडली. गुरुजी तिच्या डोक्यावर हात ठेवताना दुसरीकडे बघत होते.

दुपारी चारच्या सुमाराला तिच्या बापाचा, बापूंचा, फोन आला. मागं मेंढरांचा आवाज येत होता. बापूंनी वैजूची चौकशी केली, हिराची केली, आणि शेवटी म्हणाले, “गुरुजी, या बारीला पेट्रोलाचं तेवढं नीट बघा.”

बोलण्यात राग नव्हता. उलट आर्जवच होतं. पण फोन ठेवल्यावर गुरुजी उठले आणि म्हणाले की टाकी पूर्ण रिकामी करून धुतो. मी म्हटलं, कालच तर गाळलंय. ऐकेनात. शाळेच्या ओट्यावर त्यांनी पक्कड घेतली आणि कॉकची तांब्याची तार उलगडली. नळी काढायची तर कॉक बंद करणं भाग होतं. चार वर्षांत मी पहिल्यांदा तो कॉक बंद झालेला पाहिला. तार त्यांनी शर्टाच्या खिशात ठेवली. टाकी उतरवली, धुतली, उन्हात वाळवली, कातड्यातून पेट्रोल भरलं, टाकी बसवली, नळी जोडली. मधेच वैजू पॅड आणि पेन्सिली दाखवायला आली, मधेच चुलता उद्या किती वाजता निघायचं ते विचारून गेला. सगळं झाल्यावर त्यांनी कॉक चालू करून एकदा गाडी सुरू करून पाहिली, नेमानं बाटली भरून उजेडात धरली. पाणी नव्हतं. मी जवळच उभा होतो. रात्रीपुरता नळीचा जोड पाझरायला नको म्हणून त्यांनी कॉक पुन्हा बंद केला, तो मीही पाहिला, आणि मीही विसरलो.

सकाळी गवतावर पांढरं दव होतं. साडेदहाला फाटक बंद होणार होतं, आम्ही सातला निघालो. गाडी पहिल्या किकला सुरू झाली. गुरुजींनी माझ्याकडे बघून मान हलवली. त्यांच्या मागे वैजू, कानटोपी आणि छातीशी पॅड. माझ्या मागे हिरा. वस्तीच्या कच्च्या रस्त्यावरून आम्ही हळू निघालो. पुढं गुरुजींची मान डावीकडे कललेली दिसत होती.

दीडेक किलोमीटरवर, जिथं डांबरी रस्ता लागतो त्याच्या अलीकडे, त्यांची गाडी अडखळली. दोन धक्के दिले आणि बंद पडली.

मी गाडी थांबवली. गुरुजी उतरले, गाडी स्टँडला लावली आणि वैजूला म्हणाले, सरांच्या गाडीवर बस. मग खाली बसले. बाटली काढली, स्क्रूला हात घातला. स्क्रू फिरेना. बोटं थंडीनं आणि भीतीनं आखडली होती. “पाणी आलंय,” ते स्वतःशीच म्हणाले. “पाणी आलंय, पाणी आलंय.” मला म्हणाले, तुम्ही जा, न बघता जा. वैजू रडायला लागली होती. तिला गुरुजींना सोडून यायचं नव्हतं.

हिरा माझ्या गाडीवरून उतरली. पदर खोचत शांतपणे चालत गेली, गाडीच्या डाव्या बाजूला वाकली आणि टाकीखाली हात घालून कॉक फिरवला. शोधावा लागला नाही. कुठं आहे आणि किती फिरवायचा, हे तिला ठाऊक होतं.

“मारा किक, गुरुजी,” ती म्हणाली.

गुरुजी तिच्याकडे बघत राहिले. बाटली त्यांच्या हातातच होती. मग उठले आणि किक मारली. तिसऱ्या किकला गाडी सुरू झाली. वैजूनं नाक पुसलं आणि परत त्यांच्या मागे जाऊन बसली. सगळं मिळून पाच मिनिटंही लागली नसतील.

साडेआठच्या आधी आम्ही कन्नडच्या केंद्रावर होतो. फाटकावर शिपाईसुद्धा आला नव्हता. वैजू आत गेली तेव्हा गुरुजी फाटकाच्या गजाला धरून ती वळणाआड होईपर्यंत उभे होते. मग आम्ही तिघं समोरच्या लिंबाखाली येऊन बसलो. इतर पालक डबे उघडत होते. गुरुजींनी खिशातून ती तांब्याची तार काढली आणि बोटांवर गुंडाळत बसले. मी उठून चहा आणायला निघालो, तर त्यांनी माझा हात धरून खाली बसवलं. माझ्यासमोर बोलायचं होतं त्यांना.

“हिरा, त्या दिवशी पाणी नव्हतं,” ते म्हणाले. “कॉक बंद व्हता.”

पुढचं त्यांनी तुटक तुटक सांगितलं. रात्री कॉक बंद करायची त्यांची तेव्हा चांगली सवय होती. त्या सकाळी घाईत उघडायचा राहिला. गाडी कार्बोरेटरातल्या पेट्रोलवर दीड किलोमीटर गेली आणि थांबली. त्यांनी प्लग काढला, साफ केला, कार्बोरेटर सोडला, पाणी शोधलं. सगळं तपासलं, तेवढं एक सोडून. पाऊण तासानं हात लागला आणि कळलं. फाटक बंद झालेलं पाहून परत आले, तेव्हा बापूंचा फोन आला. त्यांच्या तोंडून निघून गेलं, की पेट्रोलात पाणी होतं. एवढं एकच वाक्य. बापूंनी लगेच विश्वास ठेवला. मग ते मागे घेता येईना. पंपवाल्याचं नाव खराब झालं, म्हणून ते त्याच्याकडेच पेट्रोल भरत राहिले. आणि एकदा पाणी होतं म्हटल्यावर दर हिवाळ्यात ते पाणी शोधत राहिले. “एकदा तरी निघावं असं वाटायचं मला,” ते म्हणाले. “नऊ वर्षांत बाटलीत एक थेंब नाय निघाला.”

त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसत नव्हते. मी खाली बघत बसलो. माझ्यापेक्षा पंचवीस वर्षांनी मोठ्या माणसाला असं पाहायची मला लाज वाटत होती, आणि त्याच वेळी त्यांचा हात सोडवतही नव्हता.

हिरानं त्यांच्या बोटांवरच्या तारेकडे पाहिलं. मग म्हणाली, “मला म्हाईत व्हतं, गुरुजी. मी दगडावर बसले व्हते. तुम्ही खाली हात घातला, कायतरी फिरवलं आन् गाडी चालू झाली. मी बघितलं.”

“मग बापूला का नाय सांगितलं?”

“बापूनं तुमच्यासंगं भांडण केलं असतं. मंग मला शाळंत कोण धाडलं असतं? मेंढरामागंच नेलं असतं. राग आलता मला. लई दिवस आलता. तुम्ही दुपारचं थांबून एकटीला गणितं शिकवायचे, तवा बी राग यायचा. नंतर नंतर कमी झाला.”

गुरुजी म्हणाले, आज संध्याकाळी बापूला फोन करतो आणि खरं सांगतो. पंपवाल्याकडेही जातो. हिरानं नको म्हटलं नाही. करा म्हणूनही तिनं सांगितलं नाही. नुसती मान हलवली. मग त्यांच्या बोटांवरची तार तिनं काढून घेतली.

“आता बांधू नका. रात्री बंद करत जा. गळतंय ते.”

“आन् सकाळी विसरलो तर?”

“तर गाडी थांबती,” हिरा म्हणाली. “मंग उघडायचा.”

गुरुजींनी त्या संध्याकाळी फोन केला. शाळेच्या ओट्यावर उभे राहून, माझ्याकडे पाठ करून. बापू काय म्हणाले ते त्यांनी मला सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी पंपावर मात्र मी बरोबर होतो. म्हातारा मालक सगळं ऐकून घेत होता. त्याचा चेहरा लाल झाला. ज्या वर्षात धंदा बसून त्यानं दोन माणसं कामावरून काढली होती, ते वर्ष त्याला आठवलं असावं. शिवी द्यावी तर समोर मास्तर, असं काहीसं त्याच्या मनात चाललेलं दिसत होतं. शेवटी त्यानं गुरुजींना एवढंच सांगितलं, की हे वस्तीवर येऊन चार माणसांत बोला. गुरुजी गेले आणि शाळेच्या सभेत बोलले. लोक बरेच दिवस त्यांच्याशी तुटक वागले. दोघांनी तर नमस्कारसुद्धा बंद केला. ते सगळं त्यांनी सोसलं, आणि मला वाटतं, त्यांना त्याची गरजही होती.

वैजूची निवड झाली नाही. यादी लागली त्या दिवशी ती तासभर रडली आणि मग खेळायला गेली. हिराला फोनवर कळवलं, तर ती म्हणाली, पेपर दिला तर खरा. गुरुजी त्याच मे महिन्यात निवृत्त झाले.

त्यानंतर गाडीवर मी त्यांना एकदाच पाहिलं, गेल्या थंडीत. शनिवार होता. मी माझ्या गाडीवरून शाळेला निघालो होतो. या नव्या गाडीला कॉक नाही, त्यामुळे विसरायची सोयही नाही. पडेगाव सोडून दौलताबादच्या रस्त्याला लागलो, तर पुढं ओळखीची मान दिसली. करडा मफलर, पांढरे केस. कुठं निघाले होते कोण जाणे. मी जवळ जात होतो तोच त्यांची गाडी अडखळली, दोन धक्के खाल्ले आणि रस्त्याच्या कडेला थांबली. मी आपोआप ब्रेक दाबला. जुनी सवय.

गुरुजींनी मागं वळून मला पाहिलं, हसले आणि हात हलवून पुढं जायला सांगितलं. मी तरी गाडी हळूच ठेवली आणि आरशात बघत राहिलो. ते गाडीवरून उतरलेसुद्धा नाहीत. बसल्या बसल्या डावा हात खाली घालून त्यांनी कॉक उघडला, पेट्रोल उतरायला क्षणभर थांबले आणि किक मारली.